‘काढा’ म्हणजे काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वरच्या वर्गांतील चार मुलांनीं ग्रंथालयाच्या नोंदवहीसाठीं संगणकाचा एक लहानसा प्रोग्राम तयार केला, आणि तो चालविण्याकरितां कृत्रिम बुद्धीचा एक मदतनीस, ज्यास हल्लीं ‘एजंट’ म्हणतात, नेमिला. वाचकानें आपली गरज साध्या मराठींत लिहावी आणि एजंटानें प्रोग्राममधील योग्य तें साधन निवडून काम पुरें करावें, अशी ती योजना होती. त्यांतील एका साधनाचें नांव होतें ‘पुस्तक काढा’. माहितीच्या रकान्यांत एवढेंच लिहिलें होतें: ‘पुस्तक काढण्यासाठीं.’

जून महिन्यांत आठवीच्या एका मुलानें लिहिलें, “मला हें पुस्तक काढायचें आहे.” एजंटानें ‘काम झालें’ असें उत्तर दिलें व मुलगा पुस्तक घेऊन घरीं गेला. पंधरा दिवसांनीं तो तें परत घेऊन आला, तों नोंदवहींत त्या पुस्तकाचा मागमूसही नव्हता. नोंद न करितां पुस्तक नेलेंस कां, असें मीं त्यास चारचौघांदेखत कडक स्वरांत विचारिलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. दोन दिवसांनीं उलगडा झाला. तें साधन फाटकीं पुस्तकें यादींतून कायमचीं वगळण्यासाठीं होतें. पुस्तक घरीं देण्याचें साधन निराळेंच होतें. मीं वर्गांत जाऊन त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु चूक कोणाची, हा प्रश्न मनांतून जाईना.

कित्येक पालक म्हणतील, यंत्र जर एवढें हुशार, तर त्यास इतकें कळूं नये काय? एजंट अगदीं निर्दोष, असें माझेंही म्हणणें नाहीं. परंतु मराठींत आपण चित्र काढतों, कर्ज काढतों, खोडी काढतों, दिवस काढतों आणि दांतही काढतों! साधन करणाराच्या मनांत यांपैकीं कोणता अर्थ होता, हें केवळ हुशारीनें कळत नाहीं. तें त्यानें सांगावें लागतें. एजंटास विचारतां येतें, हें खरें; पण येथें विचारण्याजोगी शंका आहे, हेंच पुष्कळदां त्याच्या ध्यानीं येत नाहीं, आणि तो निःशंकपणें चुकतो. म्हणून माझ्या मतें दोषाचा मोठा वांटा अर्धवट लिहिणाराकडे जातो.

हा धडा आपल्या पुण्यास नवा नाहीं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें. ज्यांनीं मराठी आईच्या मांडीवर ऐकिली नव्हती, त्यांना हा कोश उपयोगी पडावयाचा होता. म्हणून एकेका शब्दाचे निरनिराळे अर्थ त्यांत वेगळे करून दाखविले आहेत. त्या कामांतील त्यांचे साहाय्यक मेजर थॉमस कँडी हे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते, आणि मराठींत विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय त्यांनाच देतात. वाक्य कोठें थांबतें, हें ऐकणारास आवाजावरून कळतें. नुसतें वाचणारास मात्र खूण लागते. आजचा एजंट हा असाच परका वाचक आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाची खुली पद्धति प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक साधनास नांव असतें, वर्णन असतें, आणि त्यास कोणती माहिती कोणत्या स्वरूपांत पुरवावी याचा तक्ता असतो. एवढा मजकूर वाचूनच एजंट निवड करितो. तेव्हां साधन काय करितें, केव्हां वापरूं नये, ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल कीं ४ मार्च, काम फसल्यास उत्तर काय येईल, आणि केलेलें परत फिरवितां येतें कीं नाहीं, हें सारें तेथेंच लिहिलें पाहिजे. आमच्या मुलांनीं आतां नांव बदलून ‘नोंद कायमची वगळा’ असें केलें आहे, आणि खालीं लिहिलें आहे: ‘फाटलेल्या पुस्तकाची नोंद यादींतून वगळतें. ती परत आणतां येत नाहीं. पुस्तक घरीं देण्यासाठीं हें साधन वापरूं नये.’ लिहावयास दहा मिनिटें लागलीं. शिवाय शिक्षकाच्या संमतीवांचून तें चालूं नये, अशी कडीही त्यांनीं घातली. कारण चांगल्या वर्णनानें चुका कमी होतात, अजिबात नाहींशा होत नाहींत.

यंत्रासाठीं लिहितां लिहितां भाषा रुक्ष होईल, अशी भीति कोणी व्यक्त करितात. कमलाबाई ओगले यांनीं १९७० सालच्या ‘रुचिरा’मध्यें वाटी-चमच्याचें माप दिलें. ‘मीठ अंदाजानें’ हे शब्द ज्या नव्या सुनेच्या कांहींच कामाचे नव्हते, तिला त्या मापानें आधार दिला. त्यामुळें कोणाची भाजी अळणी झाल्याचें ऐकिवांत नाहीं. स्पष्ट लिहिलेल्या चार ओळी एजंटाइतक्याच पुढील वर्षीं येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यासही उपयोगी पडतात.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, आपल्या मुलानें संगणकावर कांहीं नवें केलें, तर त्याचें कौतुक अवश्य करावें, आणि मग त्याचें वर्णन त्याजकडून वाचून घ्यावें. त्यांतलें एखादें वाक्य आपणांस कळलें नाहीं, तर तसें निःसंकोचपणें सांगावें.

आमच्या प्रोग्राममधील सर्व वर्णनें तपासण्याचें काम आम्हीं आतां आठवींतल्या त्याच मुलाकडे सोंपविलें आहे. त्यास जें वाक्य कळत नाहीं, तें वरच्या वर्गांतील ते चौघे पुन्हां लिहितात.