गाणे सर्वांचे, भाकर कुणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात सूतगिरणी चौक आहे. सूतगिरणी केव्हाच इतिहासजमा झाली. नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. याच गारखेड्यात आणि शहराच्या इतर वस्त्यांत दर एप्रिलमध्ये जयंतीच्या रात्री जी गाणी घुमतात, त्यांपैकी कितीतरी लोककवी वामनदादा कर्डक यांची असतात. गिरणी गेली आणि नाव उरले. वामनदादांच्या बाबतीत नेमके उलटे घडत आहे. गाणे उरले आहे आणि कर्त्याचे नाव पुसले जात आहे. ही केवळ कृतघ्नतेची गोष्ट नव्हे. श्रम कोणाचे आणि फळ कोणाच्या पदरात, हा जुना प्रश्न येथेही उभा आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. पोटासाठी ते मुंबईत आले. गिरणीत राबले, वखारीत कोळसा उचलला, खडी फोडली, चिक्की विकली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती वाढत्या वयात, कामगार चाळीत. १९४३ मध्ये एका हिंदी गीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले आणि पुढची साठ वर्षे लेखणी व गळा यांना विसावा दिला नाही. ‘वाटचाल’ हा पहिला गीतसंग्रह निघाला तो १९७३ मध्ये. तोवर त्यांची गाणी खेडोपाडी तोंडपाठ झालेली होती. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ‘स्वतंत्र गायक-गीतकार’ हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरला जातो. स्वतःच लिहावे, स्वतःच गावे, कोणत्याही कंपनीचे मिंधे असू नये, असा त्याचा अर्थ. या अर्थाने वामनदादा अस्सल स्वतंत्र होते. परंतु स्वातंत्र्यालाही अर्थकारण असते. सरकार व बाजार या दोहोंपासून दूर राहणाऱ्या कलावंताला कोणीतरी जेवू घालावेच लागते. वामनदादांसारख्यांना जेवू घातले ते हातावर पोट असलेल्या माणसांनी. वस्तीने वर्गणी काढावी, बिदागी द्यावी, कुणाच्या तरी घरी रात्रीचा मुक्काम व्हावा, आणि सकाळी पुढच्या गावाची वाट धरावी. गरिबांनी गरिबाला दिलेला हा आश्रय होता. त्यामुळे गाण्याला कोणाची भीड बाळगावी लागली नाही. मात्र या व्यवस्थेत म्हातारपणाची तरतूद नव्हती, आजारपणाची नव्हती आणि मागे राहणाऱ्यांचीही नव्हती.

या श्रमांचे मोल मराठवाड्याने तरी विसरू नये. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलितांची घरे पेटवली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतच्या साडेपंधरा वर्षांत वस्त्यांचा धीर टिकवण्यात शाहिरांच्या गाण्यांचा वाटा भाषणांहून कमी नव्हता. अमेरिकेत जो हिल याने चर्चमधील परिचित चालींवर कामगारांची गाणी रचली, ती याच कारणाने: चाल ओळखीची असली की विचार घरात शिरतो. त्या जो हिलला १९१५ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. गाण्याची ताकद सत्ताधाऱ्यांना पुरती कळते. तिची किंमत मोजण्यात कुचराई होते ती आपल्याच बाजूने.

आता बाजाराकडे पाहू. कॅसेट आली, तबकडी आली, आता मोबाइलवर गाणे फुकट ऐकू येते. ऐकणाऱ्याला फुकट, पण जाहिरातीचा पैसा कोणाकडे तरी जातोच. १९५७ चा कॉपीराइट कायदा कवीच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क मान्य करतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातील समान वाटा त्याला सोडूनही देता येणार नाही, अशी तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण ज्याच्याकडे ना करारपत्र, ना वकील, ना संस्थेचे सभासदत्व, त्याच्या दारापर्यंत तो पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल, गाणे समाजाचे. त्याला मालकीहक्काचे कुंपण कशाला? आक्षेप रास्त आहे. सभेत, मोर्च्यात, जयंतीत गाणे मुक्तच असले पाहिजे. परंतु लोकांनी गाणे आणि व्यापाऱ्याने विकणे, यांत फरक आहे. सामुदायिक संपत्तीच्या नावाखाली खाजगी नफा कमावला जात असेल, तर तेथे कर्त्याचा वाटा मागणे म्हणजे समाजवादाशी प्रतारणा नव्हे. तो समाजवादच होय.

राज्य सरकारच्या योजनेतून वृद्ध कलावंतांना मिळणारे मानधन २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपये झाले. ते स्वागतार्ह आहे. परंतु ते मिळवण्यासाठी वय, उत्पन्न आणि कलेचे पुरावे जोडावे लागतात. रात्रीच्या फडाची पावती कोणी दिलेली असते?

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे काम येथे आहे. वस्तीतील वृद्ध गायकांची यादी करा, त्यांचे अर्ज भरून द्या, त्यांची गाणी नावानिशी उतरवून घ्या. व्यासपीठावर गाणे सुरू होण्यापूर्वी कवीचे नाव घ्या. जयंतीच्या वर्गणीत ध्वनियंत्रणेच्या भाड्याइतकीच गायकाची बिदागी ठरवून ठेवा, आणि ती हिशेबात उघडपणे लिहा. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. गाणाऱ्याच्या चुलीचा हिशेब ठेवणे अवघड. चळवळीची परीक्षा या दुसऱ्या कामात आहे.