चाकूला परवानगी लागते, मलमाला का नाही?

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : बीड जिल्ह्यात चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांबाबत, दसऱ्याच्या आत.

महोदय,

विषयात दसऱ्याचा उल्लेख केला आहे तो मुहूर्तासाठी नाही. दसरा झाला की ऊसतोडीसाठी आमच्याकडची गावंच्या गावं रिकामी होतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन झालेली असते, मुकादमाची गाडी ठरलेली असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, काही टोळ्या थेट बेळगावकडे. गाडीत कोयते, पातेली, पीठ, गोधड्या, शेळी असेल तर शेळी. आणि गेल्या काही वर्षांपासून पिशवीच्या कोपऱ्यात एक औषधाची ट्यूब. तिच्याबद्दलच हे पत्र आहे.

मागच्या हंगामाच्या तोंडावर तालुक्याच्या गावी एका मेडिकलपाशी उभा होतो. पुढच्या माणसाने खिशातून खोक्याचा फाडलेला तुकडा काढला आणि काचेवर ठेवला. नाव वाचायची गरज दुकानदाराला नव्हती, रंग पुरेसा होता. ‘किती?’ ‘चार द्या, आता उन्हाळ्याशिवाय येणं नाही.’ चार ट्यूब, पैसे, पिशवी. कुठे खाजतं, किती दिवसांपासून, कोणी लिहून दिलं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. तो गेल्यावर मी तेच खोकं मागून घेऊन वाचलं. पाच औषधं एका नळीत: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन, आणखी एक. बाजूला लाल चौकटीत, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना. मराठीत एक अक्षर नाही.

यातलं क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल. डॉक्टर ते देतात तेव्हा सलग दोन आठवड्यांच्या वर नको, आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नको, तोंडावर आणि जांघेत नको, असं बजावून देतात. आमच्याकडे ते नेमकं तोंडावर आणि जांघेत लागतं, आणि हंगामभर लागतं.

का लागतं, ते उसाच्या फडावर गेल्याशिवाय कळणार नाही. पहाटे अंधारात उसात शिरायचं, अंग पाचटाने खाजतं, घामाने कपडे भिजतात आणि अंगावरच वाळतात. कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, न्हाणी नसते. पाणी पिण्यापुरतं आणायचीच मारामार, तर बाईमाणसाने अंघोळ करायची कुठे आणि ओले कपडे वाळवायचे कुठे? गजकर्णाला याहून बरी जागा मिळणार नाही. कमरेला नाडीच्या ओळीत, जांघेत, छातीखाली चट्टे उठतात, आणि एका गोधडीत झोपणाऱ्या चौघांना पसरतात. दवाखान्यात जायचं तर दिवस जातो. दिवस गेला की खाडा, आणि खाडा पडला की मुकादम तो उचलीच्या हिशेबात धरतो. ट्यूब मात्र दोन दिवसांत खाज थांबवते. ती गुण देते म्हणूनच खपते, महोदय. गुण आला नसता तर लोकांनी ती कधीच फेकून दिली असती.

पण थांबते ती फक्त खाज. स्टेरॉइड शरीराच्या प्रतिकाराला गप्प बसवतं. लाली जाते, आग जाते, आणि बुरशी निवांत पसरते. पेटत्या चुलीवर गोधडी टाकून धूर दिसत नाही म्हणण्यातला हा प्रकार. ट्यूब संपली की चट्टा दुप्पट होऊन वर येतो, मग दुसरी ट्यूब. चार-सहा महिन्यांत त्या जागची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते आणि जांघेत जांभळट भेगा पडतात, बाळंतिणीच्या पोटावर पडतात तशा. त्या भेगा जन्माच्या. नाजूक जागी हे इतक्या लवकर का होतं, याचं मोजमाप फार जुनं आहे. 1967 साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिझोन लावून पाहिलं: हाताच्या पुढच्या भागातून जेवढं आत शिरतं त्याच्या 13 पट जबड्याच्या कातडीतून, आणि 42 पट अंडकोषाच्या कातडीतून. ते तर सौम्य स्टेरॉइड होतं. इथे क्लोबेटासॉल आहे.

त्यात बुरशीही पूर्वीची राहिलेली नाही. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणारी जात देशभर फोफावली आहे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, त्या नावात आपला देश आहे. न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण सापडले तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2023 मध्ये त्याची जाहीर नोंद केली. आपल्याकडे कोपीत तिचे किती रुग्ण आहेत, हे मोजायला कोणी गेलेलं नाही. अशा बुरशीवर अर्धवट औषध आणि पूर्ण स्टेरॉइड एकत्र चोळणं म्हणजे तिला तालीम देणं.

बायकांच्या तोंडावरचं प्रकरण वेगळं आणि जास्त दुखरं. उन्हात राबणाऱ्या, बाळंतपणं झालेल्या बाईच्या गालावर वांग येतो. त्याला हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तिघांचं मिश्रण ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून मिळतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, नाव सांगितलं जातं. नंतर पुटकुळ्या, गालावर लाल शिरांची जाळी, हनुवटीवर लव. क्रीम बंद करावं तर तोंडाची आग होते, म्हणून बंद करता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिगट नेमला, तो अशाच चेहऱ्यांमुळे.

मग येतं लेझर. बीडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत रस्त्याने जाताना फलक वाचत जा. वांग, डाग, नको असलेले केस, व्रण, सगळ्यावर लेझर. लेझर खोटं नाही. चामखिळीवर, जन्मखुणेवर, काही व्रणांवर ते उत्तम काम करतं. पण वांगाचा स्वभाव परतून येण्याचा आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत लेझरची मात्रा चुकली तर डाग उलट गडद होतो. आणि स्टेरॉइडने पडलेल्या भेगा लेझरने फिकट होतात, पुसल्या जात नाहीत. स्वस्त ट्यूबचं नुकसान भरून काढायला दर बैठकीला हजारो रुपये, आणि तेही अर्धंमुर्धंच. उचल फेडणाऱ्या घरात हे पैसे येणार कुठून?

चाकूचा अनुभव या जिल्ह्याला आहे. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला, देशभर गाजला. सरकारी पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकींची मूळ तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं. योनीमार्गातल्या बुरशीला क्लोट्रिमाझोलची गोळी आत ठेवायची असते. जंतुसंसर्गाला पोटातून गोळ्या असतात, नवऱ्यालाही द्याव्या लागतात. ते सोडून ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून पिशवीच काढली गेली. आणखी एक आजार असतो, लायकेन स्क्लेरोसस. बाहेरच्या नाजूक जागेची कातडी पांढरी पडते, चिरते, लाजेपोटी बाई सांगत नाही. त्यावर जगभर पहिलं औषध कोणतं माहीत आहे? हेच क्लोबेटासॉल, डॉक्टरच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेत. म्हणून मी या औषधावर बंदी मागत नाही. सोरायसिसचे, पेम्फिगसचे रुग्ण त्यावर जगतात. जिथे मलमाने भागलं असतं तिथे चाकू चालला आणि जिथे हे मलम लावायचंच नव्हतं तिथे ते किलोने खपलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

2019 नंतर एक चांगली गोष्ट घडली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढायचं नाही, असा दंडक बीडमध्ये घातला गेला. म्हणजे मनात आणलं तर प्रशासनाला अडसर घालता येतो. चाकूपुढे तो आला. ट्यूबपुढे तो कागदावर आहेच: 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीत, घातली, त्याच वर्षी सप्टेंबरात 328 मिश्र औषधांवर बंदी आली. पण यादीत एक मिश्रण अडकलं की घटक इकडचा तिकडे करून दुसरं कपाटात येतं, आणि चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला आमच्याकडे विरळा. त्यालाही मी सरसकट दोष देणार नाही. गावात तोच एक शिकलेला माणूस रात्री दहापर्यंत उघडा असतो. त्याने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. सगळ्यांनाच एकदम नाही म्हणायला लावणं हे तुमच्या खात्याचं काम.

तुमच्याच खात्याकडे असलेल्या दुसऱ्या एका विषयाकडेही वळतो, कारण माणसं तीच आहेत. जुलै 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो. पुडी मात्र फडावर पहाटे चहाआधी सुटते. भूक मरते, झोप उडते, म्हणून. बायकाही खातात. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर पांढरं आणि टणक होतं, आत दोऱ्या ओढल्यासारखे पट्टे येतात, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस भाकरीचा तुकडाही आत जाईना होतो. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं मावतात; इथे एकही मावत नाही असे पंचविशीतले पोरगे आहेत. या रोगाचं वर्णन 1952 साली केनियातल्या भारतीय बायकांवरून झालं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. तंबाखू नसलेली सुपारी निर्धोक, ही समजूत पार चुकीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. उपचार आहेत: गालात इंजेक्शनं (त्यात स्टेरॉइड असतंच, योग्य जागी), पट्टे कापणं, लेझरने कापलं तर रक्तस्राव कमी. पण कापल्यानंतर महिनोन्‌महिने लाकडी पट्ट्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम केला नाही तर पट्टे परत येतात. ऊस तोडणाऱ्याला तो व्यायाम कोण करू देणार?

म्हणून मागणं साधं आहे, आणि बहुतेक तुमच्याच अखत्यारीतलं. दसऱ्याच्या आत तुमच्या औषध निरीक्षकांनी बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई इथल्या घाऊक विक्रेत्यांची बिलं काढावीत. किती ट्यूब कोणत्या दुकानात गेल्या आणि त्या दुकानात किती चिठ्ठ्या आहेत, याचा ताळा एका दिवसात लागेल. छापे घालायची गरजही नाही. जहाल स्टेरॉइड मलमं अनुसूची एच-1 मध्ये जावीत, म्हणजे रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत येईल आणि ती वही तीन वर्षं जपावी लागेल, अशी शिफारस राज्याने केंद्राला करावी. क्षयाच्या औषधांना हा नियम आहे, मग यांना का नको? खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘गजकर्णाला लावू नका’ एवढं छापून घ्या.

नुसतं नाही म्हणून भागणार नाही, हेही मला कळतं. ज्याची खाज रात्री झोपू देत नाही त्याला दुसरी ट्यूब द्यावी लागेल. स्टेरॉइड नसलेलं बुरशीचं साधं मलम उपकेंद्रात ठेवायला आरोग्य खात्याला सांगा. हंगामाला निघण्याआधीच्या तपासणीत आशाताईने एवढंच विचारावं, ‘खाज आहे का, घरात किती जणांना, आणि तोंडात तीन बोटं जातात का?’ मलम चट्टा गेल्यावरही पंधरा दिवस लावायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम लावायचं, हे तिथेच सांगता येईल. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आम्ही त्याचा अभिमान सांगतो. तिथल्या त्वचारोग विभागाला हंगामाआधी चार तालुक्यांत शिबिरं घ्यायला सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत, असं वाटतं.

या पत्राला लेखी उत्तर नको. भाद्रपद संपायच्या आत एक औषध निरीक्षक पाठवा. आमच्या बाजारपेठेतली दुकानं दाखवायला मी बरोबर येतो.

आपला,
धारूर तालुक्यातला एक नागरिक