काट्याजवळचा माणूस

अमेरिकेतील काही जुने फोटो नुकतेच आमच्या पाहण्यात आले. ॲरिझोना हा तिकडचा वाळवंटी मुलूख. पण कालव्याचे पाणी आणून तिथेही कापूस पिकवतात. नोव्हेंबर १९४० मध्ये डोरोथिया लँग या बाईंनी सरकारी शेतीखात्यासाठी तिथल्या कापूस वेचणाऱ्या मजुरांचे फोटो काढले. कूलिज गावाजवळच्या एका फोटोत खांद्यावर थैला टाकलेला मजूर वजनकाट्याजवळ घडीभर थांबला आहे. पुन्हा शेतात जायचे आहे.

हा फोटो आम्ही हिंगणघाट तालुक्यातील आमच्या मावशींना दाखवला. त्यांनी चाळीस वर्षे लोकांचा कापूस वेचला. माणूस कोण, देश कोणता, काही विचारले नाही. "काटा कोनाच्या हातात हाये?" एवढेच विचारले. दिवसभर ओटी भरायची आणि सांजेला मालक सांगेल ते वजन ऐकायचे. काटा मारतात हे कळायचे. पण बोलली ती बाई दुसऱ्या दिवशी कामावर नसायची.

त्या फोटोखाली गाव आहे, महिना आहे, साल आहे. माणसाचे नाव नाही. लँगबाईंचा १९३६ चा मजूर आईचा फोटो जगभर गाजला. त्या माउलीचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन हे लोकांना १९७८ साली कळले! नाव आपण विचारलेच नव्हते, हे लँगबाईंनीच पुढे सांगितले.

आपल्याकडे तरी काय? रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले. वर्धा तेव्हा मध्य प्रांतातच होते. त्यांतील बहुतेक फोटोंखाली जात नाहीतर धंदा.

तेवढ्यात मावशींनी पेटीतून एक फोटो काढला. १९५६ साली दीक्षेला गेलेल्या पाच बाया, पांढरी लुगडी, नागपूरचा स्टुडिओ. मागची बाजू कोरी. आम्ही पडलो कारकून, कोरा रकाना आम्हाला बघवत नाही. त्यांची आई आणि मोठी मावशी, ही दोन नावे आम्ही तिथेच लिहून घेतली. पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पुढे फुटते.

उरलेल्या तिघींना ओळखणाऱ्या एक आजी शेजारच्या गावी आहेत. रविवारी जायचे ठरले आहे. मावशी म्हणतात, रविवार कायले, उद्याच चाला.