विमान आलं, कापड पार्क येतोय. हॉटेलच्या काउंटरवर आपला पोरगा दिसणार का?

नांदगाव पेठ : गावाशेजारी एमआयडीसी, गावाला लागून नागपूर-सुरत महामार्ग. 20 सप्टेंबर 2024 ला पीएम मित्र कापड पार्कची पायाभरणी झाली, जागा 1000 एकर. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. त्यामुळे 'आता हॉटेलाचा धंदा वाढणार' ही चर्चा चहाच्या टपरीवर रोजच ऐकू येते. पण वाढणाऱ्या धंद्यात आपल्या पोरांचा वाटा किती, हे कोणी विचारत नाही.

आधी इथलं गिऱ्हाईक ओळखलं पाहिजे. चिखलदऱ्याची गर्दी पावसाळ्याची, शनिवार-रविवारची. मेळघाटच्या गाभा क्षेत्रातली सफारी तर पावसाळ्यात बंदच असते. म्हणजे तिथलं काम हंगामी, अगदी सोयाबीनच्या सोंगणीसारखं. नांदगाव पेठचं तसं नाही. इथे कारखान्याचा इंजिनिअर येतो, मशीन बसवणारा कारागीर येतो, ट्रक ड्रायव्हर येतो, परप्रांतातला कामगार येतो. त्यांना बाराही महिने मुक्काम लागतो, दोन वेळचं जेवण लागतं. मोठ्या रिसॉर्टपेक्षा स्वच्छ लॉज, मेस आणि डब्याचं काम इथे जास्त चालेल.

दुसरी बाजूही आहे. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. मुंबई-नागपूरच्या गाड्यांना तो सरळ रस्ता मिळाला. आपल्या जिल्ह्यात तो धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो, नांदगाव पेठेतून नाही. नुसत्या रस्त्याच्या भरवशावर ढाबा टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आता पोरांचं. बारावी झालेला पोरगा वेटर म्हणून लागला तर वेटरच राहतो, असं नाही. पण वर चढायला कागद लागतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये स्वयंपाकाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर एनसीएचएमची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेता येते. बारावीला इंग्रजी विषय मात्र हवा. हे सांगणारं कोणी नसल्यामुळे पोरं पुण्याला जातात अन् भांडी घासण्यापासून सुरुवात करतात. मग कापड पार्क सुरू झाल्यावर मॅनेजर बाहेरचा अन् गेटवर चौकीदार गावचा, असंच होईल.

नोकरीच केली पाहिजे असंही नाही. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरवाला कास्तकारही बसतो. बायांसाठी 2023 चं 'आई' धोरण आहे. पर्यटनाच्या धंद्यासाठी 15 लाखांपर्यंतचं कर्ज घेतलं तर त्याचं व्याज, साडेचार लाखांच्या मर्यादेत, पर्यटन संचालनालय परत देतं. हप्ता मात्र आधी आपणच वेळेवर भरायचा. रोडगे-वांग्याची भाजी करणाऱ्या बचत गटाला हा रस्ता मोकळा आहे. चालू मेसच्या हिशोबापासून सुरुवात करावी, कर्जापासून नाही.

जमीन एकदाच विकल्या जाते. पैसा आला की गाडी येते, घर येतं, अन् दहा वर्षांत सरतं. त्यातले चार पैसे पोरीच्या किंवा पोराच्या शिक्षणावर लागले तर तेच पीक दरवर्षी निघेल. ग्रामपंचायतीने पुढच्या ग्रामसभेत एवढं तरी विचारावं : पार्कच्या मेसचं, साफसफाईचं काम निघेल तेव्हा गावातले किती जण त्यासाठी तयार असतील?