तिसरा रकाना

महाराष्ट्रात सहामाहीचे पेपर आटोपले की दिवाळीची सुटी लागते. न्यूझीलंडात मात्र दीपावली येते ती ऐन वसंतात आणि शालेय वर्षाच्या चौथ्या, म्हणजे अखेरच्या सत्रात, जेव्हा येथील शिक्षक वर्षअखेरीस घरोघर धाडावयाच्या प्रगतिपत्रकांत गढून गेलेले असतात. साहजिकच फराळाच्या बशीभोवती मुलांच्या अभ्यासाचा विषय निघतो आणि बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो: वर्गात कितवा आला, हे शाळा सांगत का नाही? प्राथमिक इयत्तांत क्रमांक लावण्याची येथे सहसा रीतच नाही, एवढे उत्तर त्यास पुरेसे आहे. परंतु जे शाळा सांगते, किंबहुना जे सांगणे तिला कायद्याने भाग आहे, ते वाचण्याची तसदी आपण घेतो काय?

हे सांगण्याचे बंधन आले कोठून, हे पाहावयास थोडे मागे जावे लागते. १८७७ च्या शिक्षण कायद्याने या देशात प्रादेशिक शिक्षण मंडळे अस्तित्वात आली व शतकाहून अधिक काळ प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्या हाती राहिला. लोकल बोर्ड आणि दिपोटी साहेब यांचा अंमल ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना त्या व्यवस्थेची निराळी ओळख करून द्यावयास नको. १९८८ साली ब्रायन पिकॉट या उद्योजकाच्या अध्यक्षतेखालील समितीने ही मधली फळी नको असा अभिप्राय दिला, डेव्हिड लाँगी यांच्या सरकारने तो बव्हंशी मान्य केला, आणि १९८९ मध्ये मंडळे बरखास्त होऊन प्रत्येक शाळेचा कारभार दर तीन वर्षांनी पालकांनी निवडून द्यावयाच्या, मुख्याध्यापक व कर्मचारी-प्रतिनिधी यांचाही समावेश असलेल्या तिच्या स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आला. पूर्वी जो जाब जिल्ह्याने द्यावयाचा, तो आता प्रत्येक शाळेने आपापल्या वस्तीला द्यावा, असा हा पालट होता.

तो जाब ज्या कागदावर दिला जातो, त्याचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. शाळेचा वार्षिक हिशेब महालेखापरीक्षकांनी नेमलेला लेखापरीक्षक तपासतो. पुढे ३१ मेपर्यंत तो हिशेब शिक्षण मंत्रालयाकडे जातो व जनतेसाठीही प्रसिद्ध होतो. आणि त्यातच संकल्प व सिद्धी यांमधील तफावतीचे निवेदन जोडावे लागते. त्याच्या रूढ नमुन्यात रकाने चार: काय केले, काय घडले, तसे का घडले, पुढे काय करणार. समजा, लेखनात मागे पडलेल्या बारा मुलांना वर आणण्याचा संकल्प होता आणि सातच वर आली, तर उरलेल्या पाचांविषयी तिसऱ्या रकान्यात शाळेला स्वतःच्या हाताने काही लिहावे लागते. कित्येक शाळा तेथे गुळमुळीत वाक्ये लिहून वेळ निभावून नेतात, हेही खरे. पण रकाना कोरा सोडता येत नाही.

याउलट २०१० पासून लागू झालेल्या 'नॅशनल स्टँडर्ड्स'ची कथा. वाचन, लेखन व गणित यांत प्रत्येक मूल अपेक्षेच्या वर, बरोबरीस, खाली की फार खाली, हे वर्षातून दोनदा सोप्या भाषेत पालकांना कळविण्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु २०१२ मध्ये वृत्तपत्रांनी शाळाशाळांचे आकडे छापताच त्यांचे गुणानुक्रम लागू लागले, आणि संपन्न वस्तीतील शाळेचा आकडा तिच्या अध्यापनाविषयी किती सांगतो व पालकांच्या सांपत्तिक स्थितीविषयी किती, हा विवेक गळून पडला. २०१७ च्या डिसेंबरात नव्या सरकारने ती पद्धत रद्द केली.

स्वायत्त मंडळांचीही दुसरी बाजू आहेच. ज्या वस्तीत हिशेबनीस आणि वकील पालक मुबलक, तेथे मंडळ सुरेख चालते. जेथे पालक रात्रपाळी करून थकलेले, तेथे उमेदवार मिळताना मारामार. बाली हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये ही विषमता दाखवून प्रादेशिक केंद्रे पुन्हा उभारण्याची शिफारस केली; पुढल्या वर्षी सरकारने ती स्वीकारली नाही. आमच्या मते समितीचे निदान अचूक होते. मात्र जाब देणारा माणूस दूरच्या कचेरीत जाऊन बसणे हा त्यावरील उपाय नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने भारतातही शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, त्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा दंडकही घातला गेला; तेव्हा ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. येथील मंडळाच्या निवडणुकीत मत देण्यास नागरिकत्व लागत नाही, पाल्य त्या शाळेत असले की पुरे; बैठकाही सर्वांस खुल्या असतात. तरीही आमच्यापैकी किती घरांत त्या मतदानाची दखल घेतली जाते, याविषयी आम्ही साशंक आहोत. मुलाचा क्रमांक विचारणारा पालक उद्या मंडळापुढे उभा राहून शाळेला तिसऱ्या रकान्याविषयी विचारू लागला, तर बैठक थोडी लांबेल. लांबू द्यावी.