हरलेल्याचे पुढचे वर्ष

सुशिक्षित घरांमध्ये विद्येचा जितका विचार होतो तितका पराभवाचा होत नाही. मुलगा पहिला आला तर त्यास काय द्यावे, हे सर्वांस ठाऊक असते. तो मागे पडला तर त्याच्याशी काय बोलावे, हे मात्र पुष्कळ घरांत कोणासच सुचत नाही. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडणार आहो, तो वरवर पाहता या पानास शोभणार नाही असे काहींस वाटेल. विषय फुटबॉलच्या चषकाचा आहे. परंतु हरणे म्हणजे नेमके काय, हे त्या चषकाच्या इतिहासावरून जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळत असेल.

स्पर्धा भरविण्याच्या मुख्य पद्धती दोन. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो, आणि शेवटी गुणांची बेरीज होते. बाद पद्धतीत जो हरला तो त्याच दिवशी घरी जातो. सोळा संघ असतील तर साखळीस १२० सामने लागतात. बाद पद्धतीस अवघे १५. हे १५ कसे, ते घरातील मुलांस अवश्य विचारावे. बहुतेक मुले आठ, चार, दोन, एक अशी बेरीज करू लागतील. ती चूक नव्हे. पण त्याहून सोपी वाट अशी की, प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो, आणि शेवटी एकास सोडून बाकी सर्वांस बाद व्हावयाचे असते. म्हणून संघ कितीही असोत, सामने त्यांहून एकाने कमी. बरोबरीमुळे पुन्हा खेळावे लागले तर तेवढी भर पडेल, इतकेच. संघ सोळाऐवजी पंधरा असतील तर एकास न खेळताच पुढे चाल मिळते.

या पद्धतीचा फुटबॉलमधील मूळ चषक इंग्लंडचा. सी. डब्ल्यू. अल्कॉक नामक गृहस्थ हॅरो येथील शाळेत शिकले होते. तेथे विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या वसतिगृहांत असे सामने होत. तीच कल्पना त्यांनी १८७१ साली लंडनच्या फुटबॉल असोसिएशनपुढे मांडली, आणि १८७१-७२ च्या हंगामात पंधरा संघांनी नावे दिली. म्हणजे कागदावर सामने चौदा. प्रत्यक्षात मात्र तो हंगाम मोठा विचित्र झाला. लिंकनशायरातील डॉनिंग्टन या शाळेच्या संघाची गाठ ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाशी पडली होती. दोहोंमधील अंतर मोठे, प्रवासाचा खर्च त्याहून मोठा. अखेर शाळेने नाव काढून घेतले. त्या मुलांचा पाय चेंडूस लागलाच नाही. इकडे क्वीन्स पार्क एकही सामना न खेळता उपान्त्य फेरीत पोहोचला. लंडनास येऊन त्याने वाँडरर्स या नामांकित संघाशी गोलशून्य बरोबरी केली. सामना पुन्हा व्हावयाचा होता; परंतु लंडनात राहण्याचे अगर परत येण्याचे बळ त्या मंडळींच्या खिशात नव्हते. तेही परतले. वाँडरर्स अंतिम फेरीत गेला, आणि १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलच्या मैदानावर रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघास एका गोलाने हरवून त्याने चषक नेला. त्या सामन्यात इंजिनिअर्सच्या क्रेसवेल नामक अधिकाऱ्याचे गळपट्टीचे हाड आरंभीच मोडले, तरी तो शेवटपर्यंत मैदान सोडून गेला नाही.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. त्या हंगामात बाद झालेल्यांची यादी केली तर तीत दोन जाती दिसतील. काही संघ खेळून हरले. काही खेळण्याची ऐपत नाही म्हणून गेले. कागदावर दोघांपुढेही बाद हाच एक शब्द. चषकाची पद्धत हा भेद जाणत नाही. माणसांनी तो जाणला पाहिजे.

आपल्या प्रांतात हीच पद्धत मुंबईच्या रोव्हर्स चषकाने आणली. हा चषक १८९१ साली सुरू झाला, आणि पहिल्या वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. शिमल्याकडे निघालेला ड्युरँड चषक त्याच्याहून तीन वर्षांनी वडील. आरंभीची कित्येक वर्षे रोव्हर्स हा गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. आमच्या नाशकास लागून देवळालीची छावणी आहे. पलटणींच्या मागोमाग फुटबॉल गावोगाव कसा पसरला, हे अशा छावण्यांच्या गावांस सांगावयास नको.

१९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक गोलाने पराभव केला. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाची कथा तिच्या पुढची आहे, आणि ती विजयाची नव्हे. हाच मोहन बागान १९२३ साली मुंबईस आला, रोव्हर्सच्या अंतिम फेरीपर्यंत चढला, आणि तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून चार विरुद्ध एक असा स्वच्छ हरला. १९११ चे कौतुक उरी बाळगणाऱ्या मंडळींस तो दिवस किती जड गेला असेल! त्या संघाने रोव्हर्स चषक प्रथम जिंकला तो १९५५ साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. एक महायुद्ध होऊन गेले, देश स्वतंत्र झाला, गोऱ्या पलटणी बोटीत बसून निघून गेल्या. १९२३ साली जे हरले, त्यांच्या मुलांच्या वयाच्या खेळाडूंनी तो चषक उचलला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस यात नवल वाटू नये. आजोबांनी अर्धे सोडलेले काम नातवाने पुरे करणे, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे.

दरम्यान १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने पलटणींची सद्दी मोडली. रोव्हर्स चषक जिंकणारा हा पहिला हिंदी मुलकी संघ. आणि पुढल्याच वर्षी त्याने तो पुन्हा जिंकून दाखविला.

आता एका शिक्षकाची गोष्ट. १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक जिंकला. त्याचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. या पाच विजयांचे मोल केवढे, ते गणितानेच पाहू. समजा, सर्व संघ तुल्यबळ आहेत आणि चषकासाठी ओळीने चार सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. तर निव्वळ दैवाने एका वर्षी चषक मिळण्याचा संभव सोळांत एक. हा काही फार दुर्मीळ योग नव्हे. परंतु पाच वर्षे ओळीने मिळण्याचा संभव १०,४८,५७६ मध्ये एक. तेव्हा एका वर्षीचा विजय दैवाचा असू शकेल; पाच वर्षांचा असू शकत नाही. तेथे मास्तरांची शिस्त बोलते.

याच हिशेबाची दुसरी बाजू घरोघर विसरली जाते. एक विजय जर गुणांविषयी थोडेच सांगतो, तर एक पराभवही थोडेच सांगतो. आमच्या परिचयाच्या एका भरल्या घरात गेल्या उन्हाळ्यात थोरल्या नातवास वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेत हवे तितके गुण मिळाले नाहीत. मुलगा हुशार आणि कष्टाळू. निकालाच्या दिवशी वडील जेवले नाहीत. काकांनी शेजारच्या मुलाचे गुण सांगितले. आजी देवापुढे बसल्या. कोणी रागे भरले नाही, पण दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी तो मुलगा धाकट्या काकूस म्हणाला, "मी बाद झालो ना?" काकूने सरळ उत्तर दिले, "या वर्षी झालास. जेवून घे." आमच्या मते त्या घरात त्या आठवड्यात एवढेच एक शहाणपणाचे वाक्य उच्चारले गेले.

कोणी म्हणेल, खेळ निराळा आणि आयुष्य निराळे. खेळात दरवर्षी चषक भरतो, मुलाचे वर्ष मात्र परत येत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. वर्ष जाते, पैसा जातो, वयही जाते. आणि प्रत्येकाने तीच परीक्षा पुन्हा द्यावी असेही आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा दुसरे मैदान अधिक मानवते. आमचे म्हणणे इतकेच की, पुन्हा उतरावयाचे की मैदान बदलावयाचे, हा निर्णय शांत मनाने व्हावा; आणि मन शांत राहणे हे हरलेल्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या माणसांवर अधिक अवलंबून असते. आपल्या जत्रांतील कुस्त्यांच्या फडात चीत झालेला मल्ल अंगावरची माती झाडतो, वस्तादाच्या पाया पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आखाड्यात जातो. वस्ताद त्याच्याशी बोलणे टाकीत नाही. कोणता डाव चुकला ते सांगतो. हे शिक्षण आपल्या ग्रामीण भागात निरक्षर घरांतही होते. साक्षर घरांस ते अवघड का जावे?

आणि डॉनिंग्टनच्या मुलांसही विसरू नये. शिकवणीचे शुल्क भरण्याची ऐपत नाही म्हणून ज्यांचा पाय मैदानास लागतच नाही, अशी मुले आपल्या आळीत, कदाचित आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या घरी असतात. त्यांची गणना हरलेल्यांत होते. वस्तुतः ती खेळलेलीच नसतात. ज्या घरात दोन निवृत्त माणसे आणि एक रिकामी ओसरी आहे, त्या घरास अशा एका मुलाची रोजची तासभर शिकवणी जड जाऊ नये.

शेवटी रोव्हर्स चषकाचे काय झाले ते सांगितले पाहिजे. ज्या स्पर्धेने शंभराहून अधिक वर्षे संघांस बाद केले, ती २०००-०१ च्या हंगामानंतर स्वतःच बंद पडली. कूपरेजच्या मैदानावर एके काळी तिच्यासाठी मुंबईकरांची दाटी होई. आजच्या मुलांस तिचे नावही ठाऊक नाही. तिला कोणा संघाने हरविले नाही. पुढल्या वर्षी ती भरविण्यास कोणी उभे राहिले नाही, एवढेच. तिचा वडील भाऊ ड्युरँड चषक मात्र शिमल्याहून दिल्लीस व तेथून कलकत्त्याकडे जागा बदलीत आजही चालू आहे, कारण त्यास सांभाळणारे कोणी ना कोणी भेटत गेले.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी. पुढील निकालाच्या दिवशी घरात जेवण वेळेवर वाढावे, पंगतीत सर्वांनी बसावे, आणि हरलेल्याशी प्रथम वडीलधाऱ्यांनी बोलावे. काय चुकले, याची चर्चा आठ दिवसांनी करता येते. त्या दिवशी पानावर त्याची जागा रिकामी राहू नये.