'डूम' म्हणजे मेटलच का? तीस वर्षांच्या एका वादाचा मागोवा

१/
९ डिसेंबर १९९३. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटर व्हिडिओ गेममधील हिंसाचारावर सुनावणी घेत होते. आरोपीच्या पिंजऱ्यात 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' हे खेळ होते. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, टेक्सासमधील आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने 'डूम' प्रसिद्ध केला. पहिला भाग फुकट होता. पहिली लेव्हल सुरू होताच जो गुरगुरणारा सूर कानी पडे, तो एका पिढीच्या कायमचा लक्षात राहिला.

२/
तेव्हापासून खेळाडूंमध्ये एक मत दृढ झाले आहे: 'डूम' म्हणजे हेवी मेटल, आणि ज्या ॲक्शन गेममध्ये गिटार गर्जत नाही तो बेचव. याच्या उलट मत मांडणारेही पहिल्यापासून आहेत. त्यांच्या लेखी हा नुसता गोंगाट, जो सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करावा. या वादाचा इतिहास मात्र दोन्ही पक्षांना पुरता अनुकूल नाही. तो उलगडण्यासाठी हा थ्रेड.

३/
सुरुवात आणखी आठ वर्षे मागून करावी लागते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी याच सिनेटपुढे संगीताची झडती झाली होती. मुलांच्या कानी पडणाऱ्या गाण्यांवर सावधगिरीची चिठ्ठी असावी, अशी वजनदार राजकीय घराण्यांतील स्त्रियांच्या एका गटाची मागणी होती. 'ट्विस्टेड सिस्टर' या बँडचे गायक डी स्नायडर हे जीन्स आणि मोकळे केस अशा वेशात साक्षीला आले आणि आपली बाजू त्यांनी मुद्देसूद मांडली. तरी अल्बमवर चिठ्ठी आलीच. पुढे १९९४ मध्ये गेमनाही वयानुसार श्रेणी मिळाली.

४/
म्हणजे मेटल आणि व्हिडिओ गेम यांचे फिर्यादी एकाच जातीचे होते आणि दोघांचे चाहतेही बरेचसे तेच. म्हणून दोघांची सोयरीक जमली, असे पुष्कळ जण सांगतात. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड असले तरी अपुरे आहे. बंडखोरी तर पंकमध्ये होती आणि रॅपमध्येही होती. मग बंदुकीच्या खेळाने मेटललाच का जवळ केले? याचे उत्तर समाजशास्त्रात कमी आणि तालात अधिक सापडते.

५/
बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'चे गिटारवादक टोनी आयोमी यांनी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. ते डावखुरे, त्यामुळे तारा दाबणारी बोटे नेमकी तीच. त्यांनी बोटांना कृत्रिम टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा सैल करून स्वरच खाली उतरवला. १९७० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. मेटलचा तो जड, खर्जातला नाद काही अंशी एका जखमेची देणगी आहे.

६/
१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील थ्रॅश बँडनी या खर्जाला वेग दिला. तळहाताची कड तारांवर अलगद टेकवून सर्वांत जाड तार भराभर छेडायची. स्वर लांबत नाही, तुटत तुटत येतो. तंबोऱ्याचा षड्ज जसा गाण्याखाली अखंड असतो, तसा येथे तो खालचा स्वर अखंड असतो, पण आघातांच्या रूपात. गिटार असे वाजू लागले की ते तालवाद्य होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

७/
१९९३ च्या घरगुती संगणकात गिटार वाजवण्याची सोयच नव्हती. साउंड ब्लास्टर कार्डवरील यामाहाची चिप आवाज स्वतः घडवत असे, आणि तिच्या मूळ आवृत्तीला एका वेळी नऊच आवाज काढता येत. विकृत केलेल्या विद्युत गिटारचा खरखरीत भरलेपणा तिच्या आवाक्याबाहेरचा होता. गांधीलमाश्यांचे पोळे डिवचावे तशी तिची 'गिटार' वाजे.

८/
तरीही ती मेटल वाटली! कारण थ्रॅशचे मर्म नादापेक्षा तालात असते, आणि ताल नऊ आवाजांच्या चिपलाही पेलतो. एखादे हळुवार प्रेमगीत या चिपवर निष्प्राण झाले असते. खर्जाच्या एका स्वरावर दौडणारी ई१एम१ ची चाल मात्र तिथे तगली. त्याच वर्षी 'रॉक अँड रोल रेसिंग' या गेमने 'ब्लॅक सॅबथ' आणि 'डीप पर्पल' यांची प्रसिद्ध गाणी निन्टेन्डोच्या चिपवर वाजवली होती. तिथेही हाच अनुभव येतो.

९/
'डूम'चे संगीतकार बॉबी प्रिन्स. शिक्षणाने वकील. आयडीच्या मंडळींनी त्यांच्या हाती मेटलच्या सीडी ठेवल्या आणि असे काहीतरी हवे म्हणून सांगितले. 'मेटॅलिका', 'स्लेयर', 'पँटेरा' यांच्या छटा त्या चालींत कोणालाही ओळखू येतात. उसनवारी कुठवर चालते आणि चोरी कुठे सुरू होते, हे ठरवण्याचे काम एका वकिलाकडेच आले, हा योगायोग गमतीचा आहे.

१०/
पण खेळाडूंच्या आवडत्या आख्यायिकेत जी गोष्ट गाळली जाते ती पुढेच आहे. संपूर्ण खेळभर मेटल योग्य ठरेल, असे प्रिन्स यांना वाटत नव्हते. त्यांनी मेटलच्या चाली केल्या, आणि त्याबरोबर संथ, गूढ, दबा धरून बसलेल्या चालीही केल्या. पहिल्या भागातील तिसऱ्या लेव्हलची 'डार्क हॉल्स' ऐकावी. पाचवीची 'सस्पेन्स' ऐकावी. तिला मेटल म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अंधाऱ्या बोळात कुठेतरी राक्षस हुंकारतो आहे आणि खेळाडू भिंतीला पाठ लावून उभा आहे, अशा वेळचे ते संगीत आहे.

११/
लोकस्मृतीने ई१एम१ जपली आणि 'सस्पेन्स' टाकून दिली. हा अन्याय आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. त्याच अर्धवट स्मृतीतून 'मूळ डूम पहिल्यापासून शेवटपर्यंत मेटल होता' हे मत जन्मले, आणि पुढच्या प्रत्येक संगीतकाराला त्याच मापाने मोजले गेले. पहिल्या 'डूम'चा दरारा गर्जना आणि दबा यांच्या आलटून पालटून येण्यात होता.

१२/
आता 'मूळ' या शब्दाकडेही जरा संशयाने पाहावे लागते. प्रिन्स यांचे संगीत ध्वनिमुद्रण नव्हतेच. कोणता स्वर, कधी, किती वेळ, एवढ्या सूचनांची ती यादी होती. वाजवायचे काम ज्याच्या त्याच्या कार्डाचे. साउंड ब्लास्टरवर एक 'डूम' ऐकू येई, रोलँडच्या महागड्या साउंड कॅनव्हासवर दुसराच, अधिक भरदार. दोन खेळाडू 'जुना आवाजच खरा' म्हणून भांडतात, तेव्हा पुष्कळदा दोघांच्या कानांत निरनिराळे आवाज असतात. हस्तलिखितांचे पाठभेद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१३/
१९९६ मध्ये आयडीचा 'क्वेक' आला. संगीत 'नाइन इंच नेल्स'च्या ट्रेंट रेझ्नर यांचे. त्यांचे नाव ऐकून ज्यांनी यंत्रांचा खणखणाट अपेक्षिला, त्यांना मिळाले गुदमरलेले श्वास, लांबवर घासणारे लोखंड आणि जवळपास शांतता. चाली सीडीवर साध्या ध्वनिमुद्रणाच्या रूपात होत्या, इतक्या की गेमची सीडी घरच्या प्लेअरमध्ये घालूनही त्या ऐकता येत. याच सोयीने पुढे घात केला. डिजिटल दुकानात 'क्वेक' आला तेव्हा सीडी नाही म्हणून संगीतही नाही. २०२१ ची सुधारित आवृत्ती येईपर्यंत तो अधिकृत प्रतीत कित्येक वर्षे मुकाच विकला गेला.

१४/
'क्वेक २' मध्ये १९९७ साली सॉनिक मेहेम यांनी गिटारचा भडिमार परत आणला. २००४ च्या 'डूम ३' ने तो पुन्हा घालवला. शीर्षकाची चाल सोडली तर त्या खेळात संगीत जवळजवळ नाहीच. भीतीसाठी ते रास्त होते. बऱ्याच चाहत्यांना मात्र तो विश्वासघात वाटला.

१५/
मग १३ मे २०१६. नव्या 'डूम'साठी ऑस्ट्रेलियन संगीतकार मिक गॉर्डन यांना सुरुवातीला मिळालेली सूचना अशी की गिटार नको, मेटल नको. ते जुनाट आणि हास्यास्पद वाटेल, ही धास्ती होती. गॉर्डन यांनी आज्ञा पाळली. शुद्ध साइन वेव्ह घेऊन ती इफेक्टच्या खोक्यांच्या रांगांमधून पिळून काढली. पोलिवोक्स हा सोव्हिएत सिंथेसायझरही हाताशी घेतला. त्यातून जो नाद आला, तो इतका फाटका आणि हिंस्र होता की त्याच्या शेजारी गिटार ठेवली तर ती उपरी वाटेना. मग हळूहळू नऊ तारांची गिटार आत शिरली. निघाले मेटल टाळायला आणि पोचले मेटलपाशीच!

१६/
ही कथा खेळाडूंच्या पहिल्या पक्षाला विजयाची वाटते. पण त्या खेळाची बांधणी पाहावी. जखमी झालेल्या खेळाडूने आडोशाला लपून बरे व्हायचे नाही, उलट शत्रूच्या अंगावर धावून जायचे. त्यातच त्याचे प्राण. संगीतही तुकड्यातुकड्यांत कापलेले. झुंज पेटली की पुढचा तुकडा, ओसरली की नुसता घुमणारा नाद. शेवटचा राक्षस पडला की गिटार गप्प होते आणि त्या शांततेत खेळाडूला आपले बूट ऐकू येतात. प्रिन्स यांनी जी पाळी लेव्हलगणिक ठेवली होती, तीच येथे मिनिटागणिक आली. त्या वर्षीचा गेम ॲवॉर्ड्समधला संगीताचा पुरस्कार याच कामाला मिळाला.

१७/
२० मार्च २०२० ला 'डूम इटर्नल' आला. त्यात मेटल गायकांचे आख्खे वृंदगान होते. महिन्याभरात त्याचा अल्बम खेळाडूंच्या हाती पडला आणि काहींनी ध्वनिफाइल उघडून तिचे आलेख तपासले. लाटांचे शेंडे भिंतीसारखे सपाट छाटलेले दिसले. लहान-मोठ्या आवाजातला फरकच पुसला गेला होता. गॉर्डन यांनी कळवले की यातील बहुतेक मिश्रण आपले नाही. मे महिन्यात निर्मात्याचे जाहीर पत्र आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये गॉर्डन यांचे प्रदीर्घ उत्तर आले. प्रकाशकांनी ते अमान्य केले.

१८/
करारात कोणाचे चुकले, हा निवाडा बाहेरच्याने करू नये. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे निराळे आहे. ज्या श्रोत्यांना 'यांना नुसता आवाज मोठा हवा' असे हिणवले जाई, त्यांनीच आवाज एकसारखा मोठा झाल्याची तक्रार केली. चढ-उतार गेला तर मेटल मरते, हे त्यांच्या कानांना आधी कळले आणि आलेखाने नंतर दाखवले. याच मंडळींपैकी काहींनी मग संगीतकाराला आणि ध्वनिरचनाकारालाही शिवीगाळ केली, ही त्याच प्रकरणाची लाजिरवाणी बाजू.

१९/
गोंगाट म्हणून संगीत बंद करणाऱ्यांचेही ऐकायला हवे. त्यांतील अनेकांचा मुद्दा अभिरुचीचा नसून उपयोगाचा असतो. पाठीमागून येणाऱ्या शत्रूचा आवाज गिटारखाली बुडतो आणि जीव जातो. तक्रार खरी आहे. परंतु ती मेटलविरुद्ध नसून वाईट मिश्रणाविरुद्ध आहे. ज्या खेळात संगीत कुठे थांबायचे ते जाणत नाही, तिथे सतार वाजवली तरी हाच परिणाम होईल.

२०/
१५ मे २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस' मध्ये फिनिशिंग मूव्ह या जोडगोळीचे संगीत आहे. मेटल आहे, चोख आहे. तरी 'लक्षात राहत नाही' अशी कुरकुर पुष्कळ खेळाडूंनी केली आणि दोष संगीतकारांना दिला. त्या खेळात नायक ढाल घेऊन जमिनीवर पाय रोवून लढतो. चालच जड झाली आहे. पळत्या पायांसाठी रुळलेल्या कानांना रोवलेल्या पायांचा ताल पटकन भावला नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

२१/
ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले दोन 'डूम' एकत्र, नव्या रूपात आले. त्यात अँड्र्यू हल्शल्ट यांनी खऱ्या गिटारवर नव्याने वाजवलेल्या चाली आहेत. संग्रहाचे नाव 'आयडीकेएफए', म्हणजे १९९३ मध्ये सगळी शस्त्रे मिळवण्यासाठी टाइप करायची गुप्त अक्षरे. मेन्यूत एक कळ आहे. तिने जुनी चाल की नवी, हे खेळाडूने स्वतः निवडायचे. नवी निवडून पाचव्या लेव्हलपर्यंत जावे आणि तिथे थांबून ऐकावे. तेथील दिवे अजूनही तसेच लुकलुकतात.